मास्टर ईरण्णाचे दोन आवाज

मुरुम, ता. उमरगा, जि. उस्मानाबाद
५ डिसेंबर १९८५

प्रिय ईरण्णा,

अक्षरावरून ओळखलंच असशील. पाकीट फोडलंस आणि इथपर्यंत वाचलंस तेवढंही माझ्यासाठी पुष्कळ आहे. पाच वर्षांत मी तुला तीनदा पत्र लिहायला बसलो. एकदा पूर्ण लिहिलंही, पण त्यात सगळा तुझाच दोष निघत होता, म्हणून फाडून टाकलं. तुझा पत्ता मल्लिनाथनं दिला. तुमची अधूनमधून पत्रापत्री चालू असते हे मला माहीत नव्हतं. त्याच्यावर रागावू नकोस, मीच त्याच्या मागं लागलो.

आधी घरचं सांगतो. तुझी वैनी बरी आहे. थोरली शाळेत जाते, धाकटी अजून पदराला धरून असते. तिचं नाव आम्ही अव्वाचंच ठेवलंय, इरम्मा. यंदाही पावसानं दगा दिला. आपल्या दोन एकरांत जोंधळा गुडघ्याएवढा आला आणि तिथंच थांबला. गोरोबानं ढोलकी सोडून वीटभट्टी घातली आहे, भट्टीवर त्याचं बरं चाललंय. बाजारात भेटला की माझ्या दंडाला धरून हलवतो, काहीतरी म्हणतो आणि मोठ्यानं हसतो. मी पण हसतो.

मी अजून खरेदी-विक्री संघाच्या नोकरीतच आहे, पण काउंटरवर नाही. तिथं शेतकऱ्यांना खत-बियाणं देऊन पावती फाडायचं काम होतं, ते मला आवडायचं. चार माणसं भेटायची. दिवाळीच्या आधी एका म्हाताऱ्यानं करडई मागितली आणि मी त्याला हरभऱ्याचं बियाणं काढून दिलं. तो ओरडला तेव्हा परत आत गेलो आणि परत हरभराच आणला. मॅनेजरनं त्याच आठवड्यात मला मागं गोदामात बसवलं. म्हणाला, महालिंगप्पा, तुमचं लक्ष न्हाय, लोकांशी तुम्ही धड बोलत न्हाय. आता दिवसभर पोत्यांच्या थप्प्या आणि मी. घरी वैनीचीही तीच तक्रार. म्हणते, तुम्ही जेवताना नुसतं ताटाकडं बघता, माझ्याकडं बघत न्हाय. तिला वाटतं, तुझं जाणं मी अजून मनातून काढलेलं नाही. ते तर खरंच आहे, पण ताटाकडं बघण्याचं कारण ते नाही.

गोदामात वेळ पुष्कळ असतो, त्यामुळं मागचं सगळं आठवत बसतो. तुला बहात्तरच्या दुष्काळातला पाझर तलाव आठवतो का? तू तेरा वर्षांचा होतास. अप्पा आधीच गेलेले. अव्वा खडी फोडायची, मी पाट्या वाहायचो, तुला पाणी वाटायला ठेवलं होतं. दुपारी सुकडी मिळायची, ती खाऊन तू बायकांना नकला करून दाखवायचास. मुकादमाची करायचास, तहसीलदाराची करायचास. मार्चमध्ये अव्वाला कावीळ झाली आणि नवव्या दिवशी ती गेली. मठामागं तिला माती दिली आणि चौथ्या दिवशी आपण दोघं परत कामावर. घरात बसून करणार काय होतो?

त्या दिवशी तू अव्वाच्या खडीच्या ढिगाजवळ उभा राहिलास आणि ती चिंध्यांची कौदी शिवताना म्हणायची ते कानडी गाणं म्हणायला लागलास. नक्कल करायची म्हणून नव्हे. तुझं तोंड दुसरीकडं होतं. पण आवाज तिचा होता. तो बारीक, जरासा नाकातला, ओळीच्या शेवटी खाली बसणारा. हातोड्या थांबल्या. धुरपताबाई तोंडावर पदर घेऊन म्हणाली, “आगं बया, इरम्मा गाती की!” मी डोक्यावर पाटी घेऊन उभा होतो. पाटी खाली टाकली आणि तिथंच मातीत बसलो. मुकादमानं शिव्या दिल्या तरी उठलो नाही.

पुढं ऑर्केस्ट्रा कसा काढला हे मी लोकांना वेगळ्याच पद्धतीनं सांगत आलो. की पोराच्या गळ्यात देणगी होती, मी ती ओळखली, मल्लिनाथचा बेंजो होता, गोरोबाची ढोलकी होती, माझी पेटी होती, आणि मुरुमसारख्या गावात पंचाहत्तर साली किन्नरी ऑर्केस्ट्रा उभा राहिला. तांबड्या साटीनचे चार शर्ट, मागं पडद्यावर रंगवलेला मोर. उमरग्याच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं तुला गिटार बनवून दिली, तिला कधीकधी आपोआप विविध भारती लागायची. लोक त्यालाही टाळ्या द्यायचे. आणि पोस्टरवर सगळ्यांत मोठ्या अक्षरात तुझं नाव: दोन आवाजांचा बादशहा, मास्टर ईरण्णा. गाणारी बाई आपल्या भागात कोण देणार होतं? एकच माणूस पुरुषाचंही गातो आणि बाईचंही, हे बघायला लोक लोहाऱ्याहून, सास्तूरहून बैलगाड्या जुंपून यायचे.

पण ईरण्णा, पोस्टरवर दोन आवाज होते, तरी मी तुला एकच गाऊ दिला. पुरुषाच्या ओळी मीच म्हणायचो. तू बाईच्या.

तुझा आवाज फुटायला लागला तेव्हा तू पंधरा-सोळा वर्षांचा असशील. दुसऱ्या घरात पोराचा आवाज फुटला की मिसरूड फुटल्यासारखा आनंद करतात. मी तुला ताक बंद केलं, चिंच बंद केली, सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमध चघळायला लावलं. मोठ्यानं हाक मारायची नाही म्हणून बजावलं. रानात तू बैलाला ओरडलास तर मी तुला गप्प करायचो. जाड आवाज बसू द्यायचा नाही, असं मीच माझ्या मनानं ठरवलेलं शास्त्र होतं. तू दोन वर्षं जवळजवळ बोललाच नाहीस. लोक म्हणायचे, मास्टर लई शांत आहे. एकदा तू रानातल्या विहिरीत उतरून, आत तोंड करून गात होतास. तुझ्या खऱ्या आवाजात. विहीर कोरडी होती, आवाज घुमत होता. मी काठावर आलो तसा तू गप्प झालास. मी फक्त एवढंच म्हणालो, “गळा खराब करून घेऊ नको तम्मा, शनिवारी कार्यक्रम आहे.”

ते गाणं कसं झालं होतं, हे मी तुला सांगितलं नाही. खरं म्हणजे मी ऐकलंच नव्हतं. माझे कान शनिवारकडं लागलेले होते.

आता अक्कलकोटकडच्या त्या मुलीचं लिहायला हवं. ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुढं जाणार नाही. शरणबसप्पाकाकांनी स्थळ आणलं होतं. पाहुणे आपल्या घरी आले, मुलीचा बाप, मामा आणि आणखी तिघं. तू पांढरा शर्ट घातला होतास आणि त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला मान खाली घालून उत्तर देत होतास. चहा झाला. मामा म्हणाला, जावईबापू गातात म्हणं, एक होऊन जाऊ द्या. तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हणालो, गा की, बाईचं गा, तेच तुझं नाव आहे. तुला दुसरं काहीतरी म्हणायचं होतं, ते तुझ्या तोंडावर दिसत होतं. तरी तू गायलास. गाणं संपल्यावर मामानं कपबशी खाली ठेवली आणि म्हणाला, “आमची पोरगी नवऱ्याच्या घरी द्यायची हाय का जावेच्या?” खोलीत सगळे हसले. काका हसले, बाप हसला.

मीही हसलो.

ते काही वाईट मनानं नव्हतं, पाहुण्यांची मर्जी राखायची म्हणून हसलो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं. पण तू त्या वेळी मामाकडं बघत नव्हतास. माझ्याकडं बघत होतास. ते स्थळ मोडलं याचं तुला काहीच वाटलं नसावं. मुलगी तर तू बघितलीही नव्हतीस.

चार दिवसांनी तू मला म्हणालास, “अण्णा, आता बास. ह्याच्यापुढं मी माझ्या आवाजात गाणार. न्हाय जमलं तर नुसती गिटार वाजवीन.” मी वाद घातला नाही. कारखान्याचा गाळप हंगाम सुरू होणार होता, मोळी टाकण्याच्या कार्यक्रमाला आपल्याला बोलावलं होतं. एवढा मोठा मांडव आपल्याला कधी मिळाला नव्हता. मी तुला शब्द दिला की त्या दिवशी शेवटचं गाणं तुझं, तुझ्या आवाजात. तुझा विश्वास बसला. तू एक गाणं तयार केलंस. तेही विहिरीतच तयार केलंस, असं मल्लिनाथनं नंतर सांगितलं.

शब्द मी मोडला. मुद्दाम मोडला. दुपारी चारचा सुमार होता, समोर संचालक, त्यांच्या मागं सभासद, पार मागं उसाच्या गाड्यांची रांग आणि तोडणीवाले. लोक खूश होते. शेवटचं गाणं जाहीर करायची वेळ आली तेव्हा मी माईकवर सांगितलं, “आता दोन आवाजांचा बादशहा बाईच्या आवाजात सादर करतोय...” पुढचं काय बोललो ते आठवत नाही. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. पेटी सुरू झाली, मी माझी ओळ म्हटली, आणि बाईची ओळ तू तुझ्या जाड आवाजात म्हटलीस.

आधी लोकांना वाटलं गंमत आहे. हसले, शिट्ट्या झाल्या. पुढची ओळही तू तशीच म्हटलीस. मग ते हसायचे थांबले. कुणीतरी ओरडलं, “बाई कुठं गेली रं?” तू डोळे मिटून गात होतास. मी पेटीवरून उठलो, मशीनपाशी गेलो आणि तुझ्या माईकची वायर ओढली.

तू थांबला नाहीस. कडवं पूर्ण केलंस. समोरच्या दोन-तीन रांगांपलीकडं ते कुणाला ऐकू गेलं नसेल. नुसते तुझे ओठ हलताना दिसत असतील. मग तू माईक खाली ठेवलास, गिटार गळ्यात तशीच होती, आणि स्टेजच्या मागून उतरून उसाच्या गाड्यांमधून चालत गेलास. तांबड्या शर्टात. मला वाटलं, रस्त्यावर जाऊन उभा राहील, राग उतरेल, येईल. मी माईकवर सांगितलं की मास्टरांचा घसा बसलाय, माफी असावी.

तू गेल्यावर आम्ही चार कार्यक्रम केले. मल्लिनाथनं बाईचं गायचा प्रयत्न केला. एका ठिकाणी तर लोकांनी पडदाच ओढून काढला. पाचव्याच्या आधी गोरोबा मला म्हणाला, “महालिंगप्पा, भांडण तुमचं भावाभावाचं, आणि शिव्या आमी खायाच्या व्हय?” त्यानं ढोलकी उचलली आणि घरी गेला. किन्नरी ऑर्केस्ट्रा तिथं संपला. मी गावात सांगत राहिलो की भावानं बुडवला. लोकही तसंच म्हणायचे, त्यामुळं सोपं गेलं.

आता एक गोष्ट लिहितो, ती मी वैनीलाही सांगितलेली नाही. मला कार्यक्रमांचा लोभ होता, नावाचा होता, हे तुला माहीत आहे. पण त्याच्याखाली आणखी एक होतं. स्टेजवर माझी ओळ संपायची, तू तोंड उघडायचास, आणि दर वेळेला एक क्षण मला वाटायचं की अव्वा मागं बसली आहे. गाणं सिनेमातलं असो, कसलंही असो. तिच्याशी माझं शेवटचं नीट बोलणं झालं नव्हतं. काविळीत ती पाणी मागत होती आणि मी पाझर तलावाच्या हजेरीला वेळ होतो म्हणून निघालो होतो. तुझ्या गळ्यात ती शिल्लक होती आणि मी ती जपायला निघालो होतो. तुला तुझा म्हणून एक गळा असेल, त्यात माझ्या भावाचा आवाज असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जिवंत माणूस समोर उभा होता आणि मी त्याच्यात मेलेलं माणूस ऐकत होतो. याची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही. वायर ओढल्याची मागता येते, ती मागतो. हसल्याचीही मागतो.

मागच्या आठवड्यात मी सोलापूरला आलो होतो. काम होतं. दुपारी मोकळा झालो. एसटी स्टँडकडं चालत येताना भिंतीवर तुमच्या ऑर्केस्ट्राचं पोस्टर दिसलं. त्यात सातवं नाव तुझं होतं. पुढं मास्टर नाही, बादशहा नाही. गायक व गिटार, ईरण्णा मुरुमकर. मुरुमकर वाचून मी तिथंच थांबलो. मला वाटलं होतं, गावाचं नाव तू टाकून दिलं असशील.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता. मी तिकीट काढलं. खुर्ची मागं मिळाली होती, तिथून उठून मी पार पुढं गेलो आणि बाजूच्या कर्ण्याला खेटून उभा राहिलो. एक स्वयंसेवक दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा त्यानं माझ्या खांद्याला धरून बाजूला केलं, तो गेला की मी परत तिथंच. तुझं गाणं यायला तासभर लागला. तू जाड झाला आहेस थोडा. केस मागं घेतलेस. तू माईक हातात घेतलास आणि गायलास, आणि ईरण्णा, तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. सव्वीस वर्षांच्या माझ्या भावाचा. खालच्या पट्टीत तो असा भरून येतो की छातीवर हात ठेवल्यासारखं वाटतं. वर जाताना तू थोडा घाबरतोस, त्याची गरज नाही. शेजारी एक बाई मांडीवरच्या पोराला थोपटत होती, ती थोपटायची थांबली. गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या. तू वाकून नमस्कार केलास. तुझ्या डोळ्यांवर दिवे होते, मी दिसलो नसेन. मागं येऊन भेटायचं होतं. पडद्याच्या दाराशी गेलोही. तिथं तुमचा मॅनेजर उभा होता, त्यानं मला काहीतरी विचारलं. मी तसाच वळलो आणि उमरग्याची शेवटची गाडी पकडली.

तो काय विचारत होता हे मला कळलं नाही, म्हणून वळलो. सोलापूरला कसलं काम होतं ते आता लिहितो. मी कानाच्या डॉक्टरांकडं आलो होतो. दोन वर्षं झाली, ऐकू कमी येतंय. आधी पाखरं गेली, मग पोरींचं बोलणं, मग वैनीचं. जेवताना मान खाली असते, कारण वर बघितलं की तिचे ओठ हलताना दिसतात आणि उत्तर द्यावं लागतं. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, नस सुकत चालली आहे, औषध नाही. त्यांनी ते कागदावर लिहून दाखवलं. ऐकू यायचं ते अजून वर्षभर, फार तर दीड. बारीक आवाज आधी जातात, जाड मागं राहतात. तुझा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, म्हणून घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं. पुढच्या महिन्यातल्या अमावस्येला येळवस आहे. यंदा रानात फारसं काही नाही, तरी कडब्याची कोप उभी करून पूजा करू, भज्जी आणि आंबील घेऊन जाऊ. तू ये. गायला म्हणून बोलावत नाही. पाच वर्षं तू कुठं होतास, काय खाल्लंस, कुणी छळलं का, लग्नाचं काय, हे सगळं मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. मला शिव्या द्यायच्या असतील तर त्याही दे, पण कागदावर पाठवू नकोस, इथं येऊन दे. आणि आलास की माझ्या उजव्या अंगाला बस. डावा कान गेला आहे.

तुझाच,
अण्णा